पुरात गेलेले आणि पाण्याखाली राहिलेले : पानशेतचे कथन आणि मराठी समीक्षेची एक विभागणी

१

मराठी साहित्याच्या चर्चासत्रांतून एक विधान अधूनमधून ऐकावयास मिळते. पानशेतच्या प्रलयासारखी घटना पुण्यासारख्या, लेखक-संपादक-प्रकाशकांनी गजबजलेल्या शहरात घडली आणि तरीही तिच्यातून एकही मोठी कादंबरी निर्माण झाली नाही. मराठी लेखकाची अनुभवाला भिडण्याची शक्ती किती तोकडी आहे हेच यावरून दिसते, असा त्या विधानाचा आशय असतो. विधान करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा आल्बेर काम्यूची ‘द प्लेग’ (१९४७) असते. आपत्तीने वेढलेले शहर, त्या वेढ्यात माणसाच्या नैतिकतेची होणारी परीक्षा आणि त्या परीक्षेतून उभे राहणारे तत्त्वचिंतन अशी अपेक्षा एकदा धरली, की तुलनेचा निकाल आधीच लागलेला असतो.

प्रस्तुत लेखकानेही पदव्युत्तर वर्गात हे विधान एकेकाळी पुरेशा आत्मविश्वासाने केले आहे. वर्गातल्या, वेल्ह्याकडून आलेल्या एका विद्यार्थ्याने त्या वेळी विचारले, की कादंबरी नाही ती पुराची की धरणाची? प्रश्नात उपरोध नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. तेव्हा त्याला जे उत्तर दिले ते उत्तर नव्हते, विषयांतर होते. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाकडे उशिरा वळण्याचा प्रयत्न आहे.

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. १२ जुलै १९६१ रोजी, बुधवारी, जे फुटले ते वेल्हे तालुक्यातील आंबी नदीवरचे, बांधकाम पुरते पूर्ण न झालेले मातीचे धरण होते. जे बुडाले ते पुणे शहर होते. मधल्या खडकवासल्याच्या एकोणिसाव्या शतकातील दगडी धरणाला तो लोंढा पेलला नाही आणि दुपारपर्यंत दोन्ही धरणांचे पाणी मुठेच्या पात्रातून पेठांत शिरले. घटना एक, पाणी एक, नदीचे खोरे एक. परंतु आपल्या वाङ्मयीन नकाशावर वेल्हे ‘ग्रामीण’ या सदरात येते आणि पुणे ‘नागर’ या सदरात. परिणामी धरण एका अभ्यासपत्रिकेत गेले आणि पूर दुसऱ्या. दोहोंना एकत्र वाचण्याची सोय आपल्या परिभाषेत राहिली नाही. ‘पानशेतवर साहित्य नाही’ या विधानात लेखकांच्या दुबळेपणापेक्षा समीक्षेच्या या सोयीचाच वाटा मोठा आहे, असे माझे म्हणणे आहे.

२

प्रथम शहराकडे पाहू. कारण शहराने या घटनेविषयी मौन पाळले, हे मुळातच खरे नाही. पुण्याने पानशेतविषयी अखंड सांगितले आहे. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वृत्तपत्रांतून आठवणी येतात. स्मरणिका, आत्मचरित्रांतील प्रकरणे, गृहरचना संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तिका यांतून त्या विखुरल्या आहेत. आणि छापलेल्या मजकुराच्या कितीतरी पट अधिक भाग तोंडी आहे. या सगळ्याला येथे ‘पूरकथन’ असे नाव देऊ. साहित्यप्रकार म्हणून त्याची नोंद कोणी केलेली नाही. परंतु प्रकाराची लक्षणे त्याच्यात स्पष्ट आहेत.

पूरकथनाचा पहिला विशेष म्हणजे त्यातला काळ घड्याळाचा असतो आणि अवकाश घराचा. किती वाजता बातमी आली, किती वाजता पाणी चौकात दिसले, किती वाजता ते जिन्याच्या कितव्या पायरीवर होते. पाण्याची उंची फुटांत क्वचितच सांगितली जाते. ती उंबरठा, कोनाडा, माळा, देवघराची फळी यांनी मोजली जाते. मिखाइल बाख्तिन याने कथनातील स्थल आणि काल यांच्या अविभाज्य गुंफणीला जे नाव दिले, त्यासाठी मराठीत ‘स्थलकालबंध’ हा शब्द वापरता येतो. पुण्यातील जुन्या भिंतींवर कोरलेली किंवा रंगवलेली पुराची रेघ हे अशा स्थलकालबंधाचे अगदी मूर्त रूप होय: एका दिवसाची एक वेळ तेथे उंची होऊन राहिली आहे. पूरकथन हे त्या रेघेचे शाब्दिक रूप आहे. सांगणारा हात वर करून ‘इथपर्यंत’ म्हणतो. तो शब्द आणि तो हात यांच्याशिवाय कथन पुरे होत नाही. छापील आठवणींत हात नसतो, म्हणूनच की काय, त्या पुष्कळदा निस्तेज वाटतात.

दुसरा विशेष यादीचा. पूरकथनात भावना कमी आणि वस्तू फार. शिवणयंत्र, पाट, तांब्याचा बंब, लग्नातला शालू, दहावी-अकरावीची प्रमाणपत्रे, जमिनीचे कागद, पत्रिका, पोथ्या. काव्यशास्त्राच्या दृष्टीने यादी हा कनिष्ठ दर्जाचा रचनाप्रकार मानला जातो. निवड करण्याची असमर्थता म्हणून तिच्याकडे पाहिले जाते. येथे मात्र यादीच अर्थवाहक आहे. चिखलातून एकेक वस्तू ओळखून बाहेर काढण्याची जी क्रिया त्या दिवसांत घरोघर झाली, तिचीच वाक्यरचना यादीने उचलली आहे. त्यात एक सूक्ष्म भेदही आढळतो. सापडलेल्या वस्तू विशेषणांसह येतात, गेलेल्या वस्तू नुसत्या नामाने. ‘बंब सापडला, चेपलेला, पण सापडला’. आणि ‘कागद गेले’. पुढे पुण्यात ‘पुरात गेले’ हा एक वाक्प्रचारच झाला. दाखला, करारपत्र, जुने छायाचित्र, एखाद्या संस्थेचे दप्तर, जे जे सापडत नाही ते पुरात गेलेले असते. त्यातले काही खरोखरच गेले, काही वाळवीने खाल्ले आणि काही, स्पष्टच बोलावयाचे तर, गेलेले बरे म्हणून गेले. वाक्प्रचाराचा हा सैलपणा विनोदी वाटेल; पण आपत्ती दैनंदिन भाषेत मुरल्याची खूण तीच होय. एखादी घटना कालगणनेची खुंटी होते आणि गैरसोयीचे कारणही होते, तेव्हा ती शहराच्या अंगवळणी पडलेली असते.

तिसरा विशेष पुरानंतरच्या दिवसांचा आहे आणि माझ्या मते पूरकथनाचा सर्वांत समृद्ध भाग तोच. खडकवासला फुटल्यामुळे ज्या शहरात पाण्याने हाहाकार केला, त्याच शहराला प्यावयास पाणी राहिले नाही. वीज नव्हती. वाड्यांतल्या विसरलेल्या विहिरी पुन्हा उपसल्या गेल्या. पूल निकामी झाल्याने नदीच्या दोन तीरांची दोन गावे झाली. पुन्हा पाणी आले अशी आवई उठून पर्वतीच्या दिशेने धावत सुटलेल्या माणसांचे वर्णन सांगणाऱ्यांच्या तोंडी वारंवार येते. प्रत्यक्ष पुराहून ते अधिक रंगवून सांगितले जाते आणि त्यात हसूही असते. महाविद्यालयीन विद्यार्थी चिखल उपसत होते, अनोळखी घरांतून जेवणाचे डबे येत होते. आणि कोणी कोणाकडे किती दिवस राहिले याचे हिशेब अजूनही नात्यांतून फिरतात. मोठ्या कादंबरीची वाट पाहणाऱ्या समीक्षकाला हा सगळा तपशील ‘किरकोळ’ वाटतो. मिशेल द सेर्तो याने दैनंदिन आचरणाच्या अभ्यासात ज्या छोट्या हिकमतींना महत्त्व दिले, त्या या किरकोळीतच असतात. शहर सावरते ते धोरणाने जितके, तितकेच विहिरीला नवा दोर लावण्याने.

धोरणही होतेच. पुनर्वसनाची सूत्रे स. गो. बर्वे यांच्याकडे आली; अर्धगोल पत्र्याच्या निसेन झोपड्या उभ्या राहिल्या; गोखलेनगरसारख्या वसाहती वसल्या. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी ज्या अभियंत्याने हा आकार योजला त्याचे नाव पुण्यातल्या बायाबापड्यांच्या तोंडी ‘निसन’, ‘निशान’ अशा रूपांनी रुळले. ‘पूरग्रस्त’ हे विशेषण आधी माणसाला लागले, मग वसाहतीला आणि मग टपालाच्या पत्त्याला. पत्त्यातल्या त्या शब्दाने पुढच्या पिढीला, जिने पूर पाहिलाच नाही तिलाही, पूरग्रस्त ठरवले. त्या जमिनींच्या मालकीहक्काचा प्रश्न त्यानंतर अनेक दशके रेंगाळत राहिला, तेव्हा ‘पुरानंतर’ हा काळ नेमका कधी संपला हे सांगणे कठीणच आहे. सांस्कृतिक पुनर्रचनेचे उदाहरण द्यावयाचे तर बालगंधर्व रंगमंदिराचे देता येईल. त्याची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ रोजी स्वतः बालगंधर्वांच्या हस्ते बसली आणि २६ जून १९६८ रोजी ते खुले झाले. पुरानंतर सव्वा वर्षाच्या आत मुठेच्याच काठी नाट्यगृहाचा पाया घालणाऱ्या शहराच्या मनात नदीविषयी भय होते की विस्मरण, हा प्रश्न नाट्येतिहासकारांनी विचारलेला माझ्या पाहण्यात नाही.

येथे पूरकथनाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. ते मुख्यतः वाड्याचे कथन आहे, आणि वाड्यातही मालकाचे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या छत्राखाली पेठांतून राहणाऱ्या भाडेकरूचे, वाडा कोसळला की घरच जात असे. मालकाची जागा मात्र उरत असे. एकाच पाण्यात दोघांचे दोन प्रकारे नुकसान झाले आणि ‘आमचा वाडा गेला’ हे वाक्य म्हणण्याचा अधिकार एकालाच राहिला. नदीकाठच्या कष्टकरी वस्त्यांतून, कुंभारवाड्यातून आलेली कथने छापील साहित्यात विरळ आहेत. जी थोडी आहेत त्यांत घड्याळ नाही. वेळ सांगितली जाते ती कामाच्या टप्प्याने: भट्टी लावायची होती, पोरे शाळेतून यायची होती. प्रकाराच्या अभ्यासात हा भेद महत्त्वाचा ठरावा.

मधुकर हेबळे यांच्या पुस्तकाचे शीर्षक ‘पानशेत प्रलय आणि मी’ असे आहे. त्या शीर्षकातील ‘आणि मी’ हे या सबंध प्रकाराचे व्याकरण आहे. प्रलय आधी, मी नंतर. पण मी शिवाय प्रलय सांगता येत नाही. या व्याकरणात तिसऱ्या पदाला जागा नाही. धरण या कथनात येते ते फक्त ‘फुटले’ या क्रियापदाचा कर्ता म्हणून. ते कोठे होते, कोणाच्या जमिनीवर होते, त्याच्या मागे काय होते, हे पूरकथन विचारीत नाही. दोष कोणाचा हे मात्र ते अवश्य विचारते. बावडेकर आयोग, मग नाईक आयोग, हे शब्द सांगणाऱ्यांच्या ओठांवर असतात. पण दोषाचा विचार हा अभियंत्यापाशी आणि मंत्र्यापाशी थांबतो. आंबीच्या खोऱ्यापर्यंत तो चढत नाही.

३

पूर हा विषय मराठी वाचकाच्या मनात कोणत्या साच्यात बसला आहे हे पाहावयाचे तर एका कवितेकडे वळणे अपरिहार्य आहे. कुसुमाग्रजांची ‘कणा’ शाळेपासून सर्वांना पाठ असते. ती कोणत्या पुराविषयी आहे हा प्रश्न येथे गौण होय; कोणताही पूर आला की ती आठवली जाते, हे महत्त्वाचे. पुराने घर धुऊन नेलेला एक जुना विद्यार्थी पावसात भिजत सरांकडे येतो. काय गेले, काय उरले ते सांगतो. सरांचा हात खिशाकडे जाताच उठतो आणि पैशाऐवजी पाठीवर हात मागतो. सांगण्याची रीत पाहिली तर हे पूरकथनच आहे. घर हाच अवकाश, गेल्या-उरल्याची यादी, थोडे हसू. कवितेचे सामर्थ्य तिच्या आवाजात आहे. खचलेल्या माणसाने खचल्याचा सूर न लावता बोलणे ही गोष्ट मराठी कवितेत इतक्या सहजतेने क्वचितच साधली आहे.

परंतु एक प्रतिमा अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. नदी घरात येते ती पाहुणी म्हणून, आणि पाहुणीही कशी, तर माहेरी आलेल्या लेकीसारखी. विध्वंस करणाऱ्या पाण्याला हे नाते देण्यात कवीने भारतीय मनाची एक खोल सवय पकडली आहे. नदी आई असते, लेक असते. ती रागावली तरी परकी होत नाही. रसिकाला ही प्रतिमा भावते, आणि ती भावते म्हणूनच एक गोष्ट नजरेआड होते. नात्यातली नदी आपण होऊन येते. तिला कोणी अडवलेले नसते आणि कोणी सोडलेले नसते. ‘कणा’च्या साच्यात पानशेत वाचले, की धरण अदृश्य होते आणि उरतो तो माणूस, त्याचे पडलेले घर आणि त्याचा ताठ कणा. कवितेचा हा दोष नव्हे, आपण तिला सगळ्या पुरांवर लावतो हा आपला दोष आहे. प्रत्येक आपत्तीनंतर व्यासपीठावरून हीच कविता म्हटली जाते आणि पुनर्वसनाचा प्रश्न धीराचा प्रश्न होऊन जातो.

४

आता प्रतिमा उलटी करून पाहू. नदी माहेरी येते, हे शहरातल्या घराचे चित्र. जिचे माहेरच नदीने घेतले तिचे काय? हा प्रश्न अलंकारिक नाही. मुळशी, वेल्हे, भोर या सह्याद्रीच्या पायथ्याच्या पट्ट्यात तो शंभर वर्षे शब्दशः खरा आहे. भोरजवळ येळवंडीवर भाटघर येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिले धरण झाले. त्याच्या खाली उभे राहिलेले मोठे, लॉइड यांच्या नावाचे धरण १९२८ च्या सुमारास पुरे झाले आणि त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे गेले. मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी सत्याग्रह केला. राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासाने तो इतिहास पुन्हा प्रकाशात आणला. मग पानशेत, वरसगाव, पुढे गुंजवणी, नीरा देवघर. पावसाचे पाणी अडवावयाचे तर ते जेथे पडते तेथेच अडवले पाहिजे हे भूगोलाचे म्हणणे; ते जेथे प्यायले जाते ती गावे मात्र वेगळी.

या पट्ट्यातल्या बायकांच्या तोंडचे वाङ्मय आपल्याजवळ आहे, आणि थोडेथोडके नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन केले त्याची सुरुवात याच डोंगरी भागातील स्त्रियांच्या सहभागातून झाली. हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे आणि २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ने तो टप्प्याटप्प्याने प्रकाशात आणला आहे. ओव्यांची नोंद गाणारीच्या नावाने आणि तिच्या गावाच्या नावाने केलेली आहे. लोकसाहित्याच्या आपल्या जुन्या संकलनांत ‘एक म्हातारी’ एवढीच नोंद असे, हे आठवले म्हणजे या पद्धतीचे मोल कळते.

समीक्षक या ओव्यांकडे बहुधा विषयांच्या दृष्टीने पाहतो: सीतेचा वनवास, सासुरवास, भाऊ-बहीण, पंढरीची वाट, बाबासाहेब. मला त्यांतील माहेराची रचना अधिक बोलकी वाटते. जात्यावरच्या ओवीत माहेर ही निव्वळ भावना नसते, ती दिशा असते. वाट असते, वाटेवर खिंड असते, नदीचा उतार असतो, पार असतो, पाराशी भाऊ उभा असतो. भूगोल आधी, नाते नंतर. किंवा असे म्हणू, की नाते भूगोलाच्या टेकूवर उभे असते. ही सगळी ठरीव सूत्रे होत. मौखिक परंपरेत सूत्र म्हणजे शिळेपणा नव्हे. ते एक रिकामे घर असते आणि गाणारी त्यात आपली भांडीकुंडी मांडते. मग जेव्हा पार, उतार आणि वाट तिन्ही जलाशयाखाली गेली, तेव्हा तेच सूत्र तसेच म्हणणारी बाई काय म्हणत असते? शब्दांत बदल नाही, म्हणून संकलक ती ओवी ‘माहेर’ याच वर्गात ठेवतो. संहिता तीच राहते आणि तिचा निर्देश बुडालेला असतो. बोधकाव्याच्या किंवा निषेधगीताच्या रूपात व्यक्त होईल तेच विस्थापनाचे साहित्य, असे मानणाऱ्या वाचकाला ही ओवी ऐकू येणार नाही. तिच्या अर्थाचा निम्मा भाग संहितेबाहेर, गाणारीच्या नावापुढे लिहिलेल्या गावाच्या नावात आहे. आणि नव्या गावठाणाचे नाव पुष्कळदा जुन्या गावाचेच असते, म्हणून तेथेही तो भाग सहज निसटतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. वाचकाला संदर्भ माहीत नसेल तर जी ओवी साधी वाटते ती संदर्भ कळल्यावर थोर कशी होते? आपण आपला कळवळा तिच्यावर लादत नाही काय? उत्तर असे, की प्रत्येक ओवी थोर आहे असा दावा येथे नाही. बऱ्याचशा सामान्य आहेत, काही निव्वळ यमकासाठी झालेल्या आहेत. परंतु निर्देश हा अर्थाचा भाग असतो हे आपण छापील साहित्याबाबत बिनतक्रार मान्य करतो; पुण्यातल्या एखाद्या वाड्याचे नाव कथेत आले की टीप न देता ते सगळ्यांना समजते असे गृहीत धरतो. आंबी खोऱ्यातल्या गावाच्या नावाला मात्र ही सवलत आपण देत नाही.

आणि आता मूळ घटनेकडे. १२ जुलै १९६१ ला पुण्यात पाणी चढत होते त्या वेळी आंबीच्या खोऱ्यात ते उतरत होते. त्याच पावसाळ्यात पहिल्यांदा भरू लागलेला जलाशय काही तासांत रिता झाला आणि पाण्याखाली गेलेली शेते, बांध, झाडे गाळासह पुन्हा उघडी पडली. धरण पुन्हा बांधले गेले तेव्हा ती पुन्हा बुडाली. पुण्याच्या पूरकथनात हा प्रसंग नाही, कारण तेथे पाहणारा ‘मी’ नव्हता. ‘इथपर्यंत’ म्हणून हात वर करण्याऐवजी येथे हात खाली करावा लागला असता. शहरातल्या भिंतीवर रेघ आहे. जलाशयाच्या काठावरची रेघ दरवर्षी हलते, म्हणून तिला कोणी रेघ म्हणत नाही.

५

रेमंड विल्यम्स याने ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात गाव आणि शहर या दोन प्रतिमा एकाच अर्थव्यवस्थेच्या दोन बाजू कशा आहेत आणि साहित्याने त्यांना परस्परविरोधी करून तो संबंध कसा झाकला, याचे विवेचन केले आहे. मराठीत हे काम उलट दिशेने झाले. ग्रामीण साहित्याच्या चळवळीला आनंद यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी सैद्धान्तिक बैठक दिली, तिने शहरी मध्यमवर्गाच्या अभिरुचीची मिरास मोडली. हे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु त्या बैठकीत ‘ग्रामीण’ हे एक स्वयंपूर्ण अनुभवविश्व ठरले. माती, शेत, गावगाडा, दुष्काळ, शिकून शहरात गेलेल्या मुलाची घालमेल. गावचे पाणी नळाने शहरात जाते, ही गोष्ट या अनुभवविश्वात बसत नव्हती. ती ना मातीची होती ना घालमेलीची. देशीवादाची गत फारशी वेगळी नाही. भूमीशी असलेल्या नात्याला नेमाडे यांच्या विचारात मध्यवर्ती स्थान आहे. भूमीच पाण्याखाली जाते तेव्हा देशीयतेचे काय होते याचा विचार त्यांच्या अनुयायांनी तरी केलेला नाही.

विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) ही कादंबरी या दृष्टीने अपवाद आहे. धरणग्रस्तांची फरफट, पुनर्वसनाच्या कचेऱ्या, दलाल, नकाशे यांचा तिने मांडलेला पट मराठीत पूर्वी नव्हता. १९९२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार तिला मिळाला तो योग्यच होता. तिच्या रचनेतला पसरटपणा, पात्रांचे सुष्ट-दुष्ट असे ढोबळ वाटप यांवर टीका झाली आहे आणि ती मला मान्य आहे. तरीही लक्षात राहते ते हे, की त्या कादंबरीचे परीक्षण करताना आपण तिला ‘ग्रामीण कादंबरी’ म्हणालो, ‘वास्तववादी’ म्हणालो, ‘प्रशासकीय अनुभवाची’ म्हणालो. त्या धरणाचे पाणी जेथे पोहोचते त्या बाजूने कोणी ती वाचली नाही. कादंबरी आली, तरी समीक्षेची विभागणी जशीच्या तशी राहिली. मग पानशेतवर मोठी कादंबरी आली असती तर ती आपण कशी वाचली असती, याची कल्पना करता येते. पुण्यात घडणारी असती तर नागर जाणिवेची, वेल्ह्यात घडणारी असती तर ग्रामीण जाणिवेची.

खुद्द ‘वेल्हे’ हे नाव आता बदलले आहे. भोर संस्थानाच्या काळात तोरण्याच्या परिसराला प्रचंडगड तालुका म्हणत. स्वातंत्र्यानंतर वेल्हे रूढ झाले. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘राजगड’ या नावाला मान्यता दिली. पानशेतच्या जलाशयाचे अधिकृत नाव तानाजीसागर, भाटघरचे येसाजी कंक, वरसगावचे वीर बाजी पासलकर. शिवकालाची ही नावे गौरवाची आहेत आणि स्थानिकांना ती प्रिय आहेत यात शंका नाही. केवळ एवढेच नोंदवतो, की बुडालेल्या गावांची नावे एकाही जलाशयाला मिळालेली नाहीत. वीरकाव्य आणि पोवाडा यांनी हा प्रदेश मराठी साहित्याला दिला; तेथल्या विसाव्या शतकावर त्याच पोवाड्याची छाया पडलेली आहे. सहलीला जाणारा पुणेकर पानशेतला जातो तेव्हा त्याच्या मनात एक तर किल्ले असतात, नाही तर पाणी.

६

२५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेल्या विसर्गानंतर सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरले. त्याआधी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रज ते दांडेकर पूल या पट्ट्यात अनेकांचे प्राण घेतले होते. या दोन्ही घटनांची कथने तयार होत आहेत. ती भ्रमणध्वनीवरच्या चित्रफितींत आहेत. घड्याळ आता चित्राच्या कोपऱ्यात असते, हात वर करण्याचे कारण नाही. पण यादी तीच आहे, फक्त वस्तू बदलल्या: दुचाकी, धुलाई यंत्र, मुलांच्या गुणपत्रिका. आणि एक फरक असा, की या वेळी सांगणाऱ्यांच्या तोंडी ‘विसर्ग’ हा पाटबंधारे खात्याचा शब्द आहे, किती क्युसेक हा आकडा आहे. नदी लेक म्हणून आली असे कोणी म्हणत नाही. पूरकथनाच्या व्याकरणात तिसरे पद शिरू लागले आहे, पण ते खडकवासल्याच्या भिंतीपाशी थांबते.

१९६१ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. पुण्यातल्या अशा माणसांची कथने काही प्रमाणात ध्वनिमुद्रित झाली आहेत. त्याच वयाची, पानशेतच्या काठावरून उठून गेलेल्या गावांतली माणसे कोठे आहेत हे शोधावयाचे झाले तर पुनर्वसनाच्या याद्या आणि ओव्यांच्या संग्रहातील गाणाऱ्यांची यादी एकमेकींशेजारी ठेवून वाचावी लागतील. एक कागद पाटबंधारे खात्याचा, दुसरा लोकसाहित्याचा. पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी हा विषय मी दोनदा सुचवला. एकदा तो ‘लोकसाहित्य’ या विभागात बसत नाही म्हणून परत आला, एकदा ‘आधुनिक साहित्य’ या विभागात बसत नाही म्हणून. तिसऱ्यांदा त्या विद्यार्थिनीने स्वतःच विषय बदलून घेतला. तिचे आजोळ भाटघरच्या पाणलोटात होते. मे महिन्यात पाणी ओसरले की तेथे कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडते आणि पावसाळा सुरू होईपर्यंत आसपासच्या गावांतली माणसे दर्शनाला जातात. तिची आजी दरवर्षी जाते, असे तिने सांगितले होते. आजी तेथे जाऊन काय म्हणते, हे विचारायचे राहून गेले.